कणसामागचा कडबा: चुडावा परिसरातील वैरणीचा इतिहास

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडावा हे गाव पूर्णा–नांदेड लोहमार्गावर, गोदावरी खोऱ्याच्या काळ्या जमिनीत वसलेले असून, या पट्ट्यातील गुरांच्या आहाराचा इतिहास माणसाने कोणते पीक घेतले या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. ज्वारीची कणसे खळ्यावर आणि वाळलेली ताटे, म्हणजे कडबा, गव्हाणीत, ही येथील जुनी वाटणी जनावरांच्या पचनसंस्थेमुळेच शक्य झाली. गाय-बैलांच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांपैकी कोटीपोट या सर्वांत मोठ्या कप्प्यातील सूक्ष्मजीव चाऱ्यातील तंतू आंबवून त्यांपासून मेदाम्ले तयार करतात व तीच जनावराला ऊर्जा पुरवतात, तर गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणून चघळण्याची क्रिया, म्हणजे रवंथ, तो बारीक करून हे काम सुकर करते. लाल कंधारीसारखे कष्टाळू बैल माणसाला न पचणाऱ्या ताटांवर पोसले गेले ते यामुळेच.

कडब्यात प्रथिने मात्र थोडी असतात. 1900 च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू होऊन निजामाच्या राज्यातील हा कापूसपट्टा दूरच्या बाजारांशी जोडला गेला; कापसापासून वेगळी होणारी सरकी आणि तिचे तेल काढल्यावर उरणारी पेंड आंबोणात, म्हणजे भिजवून द्यावयाच्या खुराकात, घातल्याने ही उणीव भरून निघे. सरकीतील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य कोंबड्या-डुकरांना सहज बाधते, परंतु प्रौढ गुरांच्या कोटीपोटात त्याचा जोर बराच ओसरतो.

या व्यवस्थेला खरा धक्का बसला तो संकरित ज्वारीने. 1964 मध्ये प्रसारित झालेल्या सीएसएच-1 या वाणाने दाण्याचे उत्पादन वाढवले, पण त्याची ताटे बुटकी होती; उंच, गोड ताटांच्या मालदांडीला रब्बीत शेतकऱ्यांनी सोडले नाही, यामागे भाकरीच्या चवीइतकाच वैरणीचा विचार होता. 1972 च्या दुष्काळाने चाऱ्याचे मोल पुन्हा दाखवून दिले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुढे परभणी मोतीसारखे, धान्य व कडबा दोन्ही देणारे रब्बी वाण विकसित केले.

त्यानंतर खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, तर कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला. सोयाबीनचे भुसकट कडब्याइतके आवडीने खाल्ले जात नाही आणि उसाच्या वाढ्यांतील ऑक्झलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून केवळ वाढ्यांवर गुरे ठेवता येत नाहीत. पिकाची किफायत दाण्याच्या क्विंटलांतच मोजली गेली की कडब्याचा खर्च विकतच्या वैरणीच्या रूपाने त्याच शेतकऱ्याच्या माथी येतो, हे या पट्ट्याच्या गेल्या साठ वर्षांच्या शेतीने दाखवून दिले आहे.