गोदामातली शाळा

नोकरीनिमित्त लंडनला असताना पाहिलेल्या एका शाळेविषयी आपल्या स्मरणिकेत लिहावंसं वाटलं.

पूर्व लंडनमध्ये रीजंट्स कालव्याच्या काठी कॉपरफील्ड रोडवर मालाची जुनी गोदामं आहेत. १८७७ साली थॉमस बर्नार्डो यांनी त्यांतच गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढली. अशा शाळांना ‘रॅग्ड स्कूल’ म्हणत, म्हणजे फाटक्या कपड्यांतल्या मुलांची शाळा. बर्नार्डो १८६६ मध्ये डब्लिनहून लंडनला आले, ते डॉक्टर होऊन चीनमध्ये धर्मकार्य करायला. त्याच वर्षी पूर्व लंडनमध्ये पटकीची साथ आली, हजारो माणसं दगावली. रस्त्यावरची पोरकी मुलं पाहून बर्नार्डो तिथेच राहिले.

१८७० च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये सार्वजनिक शाळा निघू लागल्या. १८८० मध्ये लहान मुलांना हजेरी सक्तीची झाली, पण आठवड्याची फी सुटली नव्हती. बहुतेक प्राथमिक शाळांतली फी गेली ती १८९१ च्या कायद्याने. मधल्या काळात शाळेत यायचं तर सक्ती आणि बसायचं तर पैसे, अशी गरिबाची कोंडी होती. गोदामातल्या शाळेत फी नव्हती; उलट न्याहारी आणि जेवण मिळे. उपाशी पोराच्या डोक्यात गणित शिरत नाही, हे तिथल्या लोकांनी ओळखलं होतं.

परिसरात पुरेशा सरकारी शाळा झाल्यावर, १९०८ मध्ये ही शाळा बंद झाली. पुढे इमारती कारखान्यांकडे गेल्या. १९८० च्या दशकात त्या पाडायची वेळ आली, तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी त्या वाचवल्या. १९९० पासून तिथे संग्रहालय आहे. आजची मुलं जुन्या बाकांवर बसून पाटीवर धडे गिरवतात.

ते बाक पाहताना आपल्या वर्गातली ईबीसीची यादी आठवली. ती मोठ्याने वाचली जाताना माना खाली घालणारे आपल्यातच होते. कुणाची परीक्षा फी कोणत्या बाईंनी गुपचूप भरली, हे आपल्याला फार उशिरा कळलं.

मेळाव्याच्या निधीतून प्रवेशद्वाराची कमान बांधावी, असं काहींचं म्हणणं आहे. माझी विनंती वेगळी आहे. आधी मुख्याध्यापकांना विचारू या, सकाळी काही न खाता येणारी मुलं आज किती आहेत. त्यांच्या न्याहारीची सोय झाली, की उरलेल्या पैशांत कमान बांधू.