आईच्या हाताखालची चित्रशाळा

मागच्या बैठकीत आमच्या बचत गटातली एक ताई म्हणाली, "पोरगं चित्र काढून दाखव म्हणतं. पण मी कुठं शिकलेय?" म्हणून आज ही जुनी गोष्ट सांगते.

मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली. पण डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर चित्रकला शिकायला शाळा लागली नाही. लग्नघरी गेरूच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठानं चौक लिहायच्या, त्यात पालघट देवी असायची. बांबूची काडी टोकाला चावून मऊ केली की झाला कुंचला. मुली शेजारी बसून बघायच्या आणि बघता बघता शिकायच्या.

माणूस काढायची रीतही सोपी. आधी टोक खाली असलेला त्रिकोण. त्याच टोकाला टेकून दुसरा, सरळ. झालं अंग! वर गोल डोकं, मग रेघांचे हातपाय.

१९७० नंतर ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. पण त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या भिंती रंगवणाऱ्या बायकांची नावं आज आपल्याला ठाऊक नाहीत.

म्हणून आज संध्याकाळी लेकराला जवळ घ्या, पाटीवर दोन त्रिकोण काढून दाखवा. त्यानं वहीत काढलं की खाली त्याचं नाव लिहा. आणि शिकवणारीचंही.