बिळावरचा कुत्रा

टेरिअर हे नाव ‘जमीन’ या अर्थाच्या ‘टेरा’ या लॅटिन शब्दावरून आले. बिळातले जनावर हुडकणे हे त्या कुत्र्याचे मूळ काम. पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांवर तेच काम गावठी कुत्रा करत आला. त्याला ना वंशावळ, ना जातीचे नाव.

कातकऱ्यांचा धंदा खैराच्या लाकडातून कात काढण्याचा. जंगलकायदे कडक झाले तसा तो बसला आणि मजुरी, मासे, शिकार यांवर गुजराण आली. भातकापणीनंतर उंदरांची बिळे खणली जात. उंदीर तर मिळेच, शिवाय त्याने आत साठवलेल्या लोंब्याही मिळत. खाडीकाठच्या खारेपाटात याचा शेतकऱ्यालाही फायदा, कारण बिळांनी बांध पोखरले जातात. कुत्रा बिळाची तोंडे हुंगतो, वस्ती असलेल्या तोंडाशी माती उकरतो. माणूस एकीकडून कुदळ चालवतो तेव्हा तो दुसऱ्या तोंडावर कान टवकारून थांबतो. हे थांबणे शिकवून येत नाही. पिल्लू थोरल्या कुत्र्यामागे हिंडून ते उचलते.

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी 1994 मध्ये कुत्र्यांच्या बुद्धीची क्रमवारी लावली, ती मुख्यतः आज्ञापालनावर. तिथे बॉर्डर कोली पहिला आला. स्वतःच्या नाकावर निर्णय घेणाऱ्या बिळावरच्या कुत्र्याला ही मोजपट्टी तोकडीच पडते.

पुढे शिकारीलाही कायदा आड आला. 1972 च्या वन्यजीव कायद्याने सशाच्या शिकारीवर निर्बंध आले. उंदीर मात्र उपद्रवी प्राण्यांच्या यादीत गेला.