आडवाटेचा अभ्यास

मार्च २०२०च्या टाळेबंदीत हिंजवडीची कार्यालये ओस पडली आणि तिथले काम सातारा-सोलापूरकडच्या घरांत जाऊन बसले. अशाच एखाद्या घराच्या माडीवर काम करणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. वीज जाते, राउटर बंद पडतो, व्हीपीएन तुटते. वीज आली की पुन्हा पासवर्ड, पुन्हा ओटीपी. आणि फोनला रेंज मिळते ती गच्चीवर. दुपारपर्यंत असे चार वेळा झाले. अहवाल तर पाचच्या आत द्यायचा आहे. शेवटी ती फाइल स्वतःच्या जीमेलवर टाकते आणि घरच्या संगणकावर काम उरकते.

कंपनी याला नियमभंग म्हणेल. तुम्ही जिच्या उंबरठ्यावर उभे आहात ती विद्याशाखा विचारते, की नियम त्या मुलीला नेमका कुठे काचला? वापरसुलभ सुरक्षा हे या शाखेचे नाव. नाव अलीकडचे असले, तरी विचार जुना आहे. १८८३मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी लष्करी गुप्तलेखनासाठी सहा अटी घातल्या. त्यांतली शेवटची अशी, की पद्धत वापरायला सोपी असावी. नियमांची लांबलचक यादी लक्षात ठेवण्याचा ताण माणसावर पडू नये. मला ही अट सहांमध्ये सर्वांत मोलाची वाटते, आणि नेमकी तीच पुढे विसरली गेली.

तिची आठवण १९९९मध्ये नव्याने झाली. अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सासे यांनी कर्मचाऱ्यांशी बोलून दाखवले, की अनेक पासवर्ड आणि ते सतत बदलण्याची सक्ती यांमुळेच माणसे ते कागदावर लिहून ठेवतात. तरी ही सक्ती संपायला वेळ लागला. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, असे सांगितले ते २०१७मध्ये. २००३च्या जुन्या सूचना लिहिणारे बिल बर यांनी त्याच वर्षी जाहीरपणे खेद व्यक्त केला. स्वतःचे चुकले हे इतक्या मोकळेपणाने सांगणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

२००८मध्ये सासे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक कल्पना मांडली. नियम पाळण्याची माणसाची तयारी शिदोरीसारखी मोजकीच असते. फुटकळ कामांवर ती संपली, की महत्त्वाच्या क्षणी हाती काही उरत नाही.

याचा अर्थ बंधने सैल करा, असा कोणी काढू नये. मे २०२१मध्ये अमेरिकेतली कलोनियल ही तेलवाहिनी सायबर हल्ल्यामुळे बंद पडली. हल्लेखोर शिरले होते ते दुसरी पडताळणी नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. सोय अतोनात झाली तरी घात होतो. सप्टेंबर २०२२मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या फोनवर हल्लेखोराच्या प्रवेशाला मंजुरी मागणाऱ्या विनंत्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या आणि अखेर त्याने एक मान्य केली. एका बोटाचे तर काम. आता अनेक ठिकाणी पडद्यावर दिसणारा अंक फोनमध्ये टाकावा लागतो. कष्ट किंचित वाढले, पण योग्य जागी.

आज माणसावरचा भार यंत्राकडे वळतो आहे. लॅपटॉप कंपनीचाच आहे का, त्यातली प्रणाली अद्ययावत आहे का, हे पडद्याआड तपासले जाते आणि ओटीपीचे हेलपाटे कमी होतात. पण ते यंत्र आता घरात आहे. ते कंपनीला काय काय कळवते, आणि माडीवरच्या त्या मुलीला यातले किती ठाऊक असते? या प्रश्नावर काम करायला माणसे हवी आहेत, म्हणून तुमचे मनापासून स्वागत.