चरणजित सिंग (वादक)

चरणजित सिंग (इ.स. १९४० – जुलै, इ.स. २०१५) हे मुंबईतील वादक, वाद्यवृंदचालक आणि संगीतनिर्माते होते. इ.स. १९६० ते १९८० च्या दशकांत त्यांनी हिंदी चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणांत गिटार, बास गिटार, ट्रान्झिकॉर्ड व सिंथेसायझर ही वाद्ये वाजवली. इ.स. १९८२ मध्ये त्यांनी 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका तयार केली. तीत हिंदुस्तानी संगीतातील दहा राग पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर आणि डिस्कोच्या ठेक्यावर वाजवलेले आहेत. त्या काळी जवळजवळ कोणाच्याही लक्षात न आलेली ही तबकडी इ.स. २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाली. पुढे अमेरिकेतील शिकागो शहरात उदयाला आलेल्या 'ॲसिड हाऊस' या नृत्यसंगीत प्रकाराशी तिचे विलक्षण साम्य असल्याने ती जगभर चर्चेचा विषय ठरली.

चित्रपटसंगीतातील काम

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत संगीतकाराचे नाव तबकडीवर छापले जाई. ती चाल प्रत्यक्ष वाजवणाऱ्या पन्नास-साठ वादकांची नावे मात्र सहसा कुठेच येत नसत. वादकांना प्रत्येक ध्वनिमुद्रणामागे मोबदला मिळे आणि एकच वादक सकाळी एका संगीतकाराकडे, तर दुपारी दुसऱ्याकडे वाजवत असे. चरणजित सिंग यांची कारकीर्द याच व्यवस्थेत घडली. शंकर–जयकिशन, सचिन देव बर्मन, राहुल देव बर्मन आणि लक्ष्मीकांत–प्यारेलाल या संगीतकारांच्या वाद्यवृंदांत त्यांनी वादन केले. त्यामुळे त्यांच्या कामाची पूर्ण यादी करणे अवघड आहे. ही अडचण त्या पिढीतील बहुतेक वादकांच्या बाबतीत येते.

'हरे रामा हरे कृष्णा' या चित्रपटातील 'दम मारो दम' या गीतात ऐकू येणारा ट्रान्झिकॉर्ड त्यांनी वाजवलेला आहे. ट्रान्झिकॉर्ड म्हणजे अकॉर्डियनच्या आकाराचे, पण विजेवर चालणारे इटालियन वाद्य. त्यात भाता हवेसाठी नसतो, आवाज इलेक्ट्रॉनिक मंडलातून निर्माण होतो. राहुल देव बर्मन यांच्या संगीतात अशा नव्या ध्वनींना मोठा वाव होता. नवे वाद्य बाळगणारा आणि ते चटकन आत्मसात करणारा वादक त्यांच्या दृष्टीने मोलाचा असे. या काळात मुंबईत केरसी लॉर्ड यांच्यासारखे इतर वादकही इलेक्ट्रॉनिक वाद्यांकडे वळले होते. म्हणजे सिंग यांचा प्रयोग एकाकी जागी उगवलेला नव्हता. त्यामागे मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षांतील यंत्रांविषयीची उत्सुकता होती.

चित्रपटांखेरीज सिंग स्वतःचा वाद्यवृंद चालवत आणि लग्नसमारंभांत व कार्यक्रमांत लोकप्रिय चित्रपटगीते सादर करत. लोकप्रिय गीतांच्या केवळ वाद्यांवर वाजवलेल्या धुनांच्या तबकड्याही त्यांनी केल्या. अशा तबकड्यांना त्या काळी चांगली मागणी होती.

डिस्कोची लाट

इ.स. १९७७ मध्ये जॉर्जिओ मोरोडर यांनी डॉना समर यांच्यासाठी केलेल्या 'आय फील लव्ह' या गीताने डिस्कोची साथसंगत जवळजवळ पूर्णपणे सिंथेसायझरवर करता येते, हे दाखवून दिले. भारतात ही लाट चित्रपटांमार्फत आली. मूळचे बंगळूरचे व पुढे लंडनमध्ये स्थायिक झालेले बिद्दू यांनी 'कुर्बानी' (१९८०) या चित्रपटासाठी 'आप जैसा कोई' हे गीत केले. नाझिया हसन यांनी गायलेल्या या गीतानंतर 'डिस्को दीवाने' (१९८१) ही ध्वनिमुद्रिका आली आणि बप्पी लाहिरी यांच्या संगीताने नटलेला 'डिस्को डान्सर' (१९८२) प्रदर्शित झाला. चित्रपटांत सर्वत्र डिस्को वाजत असताना, त्याच ठेक्यावर काहीतरी वेगळे करून पाहावे आणि तबला बाजूला ठेवून राग वाजवावेत, अशी आपली कल्पना होती, असे सिंग यांनी पुढे मुलाखतींत सांगितले.

सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट

ही ध्वनिमुद्रिका ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने प्रकाशित केली. तीत भैरव, ललित, तोडी, बैरागी, भूपाळी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती आणि मालकंस हे दहा राग आहेत. प्रत्येक राग साधारण पाच मिनिटांचा आहे. सर्व वादन सिंग यांचे एकट्याचे आहे.

त्यासाठी त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे वापरली. ज्युपिटर-८ हा एकाच वेळी आठ स्वर वाजवू शकणारा सिंथेसायझर होता. टीआर-८०८ हे तालयंत्र ध्वनिमुद्रित ढोलाचे तुकडे न वापरता विद्युत्‌मंडलांतूनच ठोक्यांचे आवाज तयार करत असे. टीबी-३०३ हे छोटे यंत्र, सोबतीला बासवादक नसलेल्या गिटारवादकांसाठी बनवलेले होते. त्यात बास सुरावट टप्प्याटप्प्याने भरून ठेवता येई आणि यंत्र ती पुन्हापुन्हा वाजवत राही. ही यंत्रे एकमेकांशी जोडून एकाच लयीत चालवता येत. सिंग यांनी ती सिंगापूरहून आणली होती. आयात वस्तूंवर जबर जकात असण्याच्या त्या काळात अशी वाद्ये वापरणारे वादक भारतात थोडेच होते.

रागसंगीत व कीबोर्ड यांचा संबंध आधीपासूनच वादाचा होता. पेटीचे स्वर ठरावीक व सुटे असतात, तिच्यावर मींड निघत नाही, या आक्षेपावरून आकाशवाणीने इ.स. १९४० ते १९७१ या काळात पेटीवर बंदी घातली होती. सिंथेसायझरही स्वरपट्टीचेच वाद्य असले तरी त्याला हा आक्षेप तसाच्या तसा लागू होत नाही. ज्युपिटर-८ वर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. टीबी-३०३ मध्ये तर भरलेल्या सुरावटीतील कोणत्या स्वराला घसरण द्यायची आणि कोणत्याला आघात, हे प्रत्येक टप्प्यावर ठरवता येते. याशिवाय त्याच्या फिल्टरचे खटके फिरवले की तोच स्वर मंद, गढूळ किंवा धारदार होतो. गिटारवादकाच्या सोयीसाठी केलेल्या या रचनेतून मींडेच्या जवळ जाणारा ध्वनी मिळतो, ही यंत्राच्या निर्मात्यांच्या कल्पनेबाहेरची गोष्ट होती.

रागाच्या चौकटीत मात्र सिंग यांनी फारशी मोडतोड केलेली नाही. मालकंसात रिषभ व पंचम वर्ज्य, ललितात पंचम वर्ज्य आणि दोन्ही मध्यम, भूपाळीत पाचच स्वर, असे हे नियम यंत्राला सांगणे सोपे असते. कारण टप्प्याटप्प्याच्या सुरावटीत कोणते स्वर घ्यायचे, हे आधीच ठरवावे लागते. पाश्चात्त्य डिस्कोप्रमाणे स्वरसंघात बदलत राहण्याची पद्धत येथे नाही. षड्जाभोवती फिरणारा बास तानपुऱ्याची जागा घेतो आणि त्यावर सुरावट विस्तारत जाते.

मोठा बदल तालात आहे. तबल्याच्या ठेक्यात सम आणि खाली असते, म्हणजे आवर्तनात भार येतो आणि ओसरतो. डिस्कोच्या ठेक्यात प्रत्येक मात्रेवर सारख्याच वजनाचा ठोका पडतो. पाच मिनिटांत विलंबित विस्ताराला जागा नसते, आणि भैरव पहाटेचा की मालकंस मध्यरात्रीचा, हा प्रश्नच या ठेक्यावर गैरलागू होतो. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला ही तबकडी अपुरी वाटणे स्वाभाविक आहे. डिस्कोच्या श्रोत्याला मात्र तीत गाणे, गायिका आणि ओळखीची चाल यांपैकी काहीच सापडत नव्हते. तबकडीची विक्री झाली नाही. सिंग यांनी पुन्हा तसा प्रयोग केला नाही आणि ते आपल्या नेहमीच्या कार्यक्रमांकडे वळले.

पुनर्शोध

नेदरलँड्समधील तबकडीसंग्राहक एडो बाउमन यांना इ.स. २००२ मध्ये दिल्लीतील एका दुकानात या ध्वनिमुद्रिकेची प्रत मिळाली. त्यांनी पुढे मुंबईत सिंग यांची भेट घेतली आणि इ.स. २०१० मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या संस्थेतर्फे ती पुन्हा प्रकाशित केली. ती ऐकून काही जणांना ही बनवाबनवी वाटली. एखाद्या आधुनिक संगीतकाराने, कदाचित ब्रिटनच्या एफेक्स ट्विनने, जुनी तबकडी म्हणून नवे संगीत खपवले असावे, अशी अफवाही पसरली. मूळ तबकडीच्या प्रती आणि प्रत्यक्ष सिंग यांच्या मुलाखती पुढे आल्यावर ती मागे पडली.

ॲसिड हाऊसशी संबंध

संशयाचे कारण टीबी-३०३ होते. हे यंत्र गिटारवादकांमध्ये चालले नाही आणि इ.स. १९८४ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले. जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्यावर शिकागोतील तरुणांनी ते घेतले. फ्यूचर या गटाने फिल्टरचे खटके सतत फिरवून 'ॲसिड ट्रॅक्स' हे संगीत तयार केले. ते इ.स. १९८७ मध्ये प्रकाशित झाले आणि ॲसिड हाऊसचा आरंभ सहसा तेथून मानला जातो. सिंग यांची तबकडी त्याच्या पाच वर्षे आधीची आहे, त्यामुळे वृत्तपत्रांनी तिला 'पहिली ॲसिड हाऊस ध्वनिमुद्रिका' म्हणण्यास सुरुवात केली.

हे विशेषण जपून वापरले पाहिजे. शिकागोच्या संगीतकारांनी मुंबईतील ही तबकडी ऐकल्याचा कोणताही पुरावा नाही. सिंग यांनाही ॲसिड हाऊस म्हणजे काय हे पुनर्प्रकाशनानंतरच समजले. त्यांच्या दृष्टीने ते राग आणि डिस्कोच होते. दोन्हीकडे तीच यंत्रे, तोच सततचा ठोका आणि एका स्वराभोवती घुटमळणारा बास असल्याने साम्य निर्माण झाले. परंतु शिकागोत एका प्रकाराची परंपरा सुरू झाली, तर मुंबईत एक तबकडी निघून गेली. 'पहिली' हा शब्द कालक्रमासाठी योग्य आहे, वंशावळीसाठी नाही.

अखेरची वर्षे

पुनर्प्रकाशनानंतर सत्तरीत पोहोचलेल्या सिंग यांना युरोपातून निमंत्रणे आली. डच संगीतकार योहान्झ वेस्टरमन यांच्या साथीने त्यांनी तेथील मंचांवर हे राग प्रत्यक्ष वाजवले. ध्वनिमुद्रणानंतर तीन दशकांनी या संगीताला प्रथमच मोठा श्रोतृवर्ग लाभला, आणि तो बहुतांशी तबकडी निघाली तेव्हा जन्मलेलाही नव्हता. चरणजित सिंग यांचे जुलै, इ.स. २०१५ मध्ये मुंबईत निधन झाले.