एका पौंडाची आगबोट

इतिहास म्हटला की राजांच्या स्वाऱ्या आणि सेनापतींच्या लढाया डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आज आम्ही ज्यांची हकीकत सांगणार आहोत, त्यांची सारी झुंज एका म्हाताऱ्या आगबोटीसाठी होती. उतारूंची बोट कोणत्या दिवशी सुटली, हिवाळ्यात कोणत्या गोदीत चढली, तिचे किती पत्रे बदलले, बॉयलर नवा बसवला की जुन्यालाच ठिगळ लावले, याची वर्षानुवर्षे बारीक नोंद ठेवणारी माणसे ब्रिटनमध्ये आहेत. जग त्यांना बोटवेडे म्हणून हसते. आम्हाला मात्र त्यांच्या वेडात कामगारांनी विचार करावा असे पुष्कळ दिसते.

या वेडाचे माहेर म्हणजे स्कॉटलंडमधील क्लाइड नदी. 1812 साली हेन्री बेल याने ‘कॉमेट’ ही आगबोट याच नदीवर सुरू केली. युरोपात भाडे घेऊन यशस्वीपणे चाललेली आगबोटीची ही पहिली वाहतूक. पुढे ग्लासगोचा कामगार जुलैच्या वार्षिक सुटीत बायकामुलांसह बोटीत बसून समुद्राकडे हवा खायला जाऊ लागला. एरवी गोदीत जो रिव्हेट ठोकी, तोच सुटीत त्या रिव्हेटांच्या भरवशावर लेकरे घेऊन बसे. बोटीविषयीचा जिव्हाळा तिथे असा घामातून आलेला आहे.

‘वेव्हर्ली’ ही याच नदीची लेक. तिच्या नावाची आधीची बोट 1899 सालची. ती 1940 च्या मे महिन्यात डंकर्कहून सैनिक आणताना बाँबखाली बुडाली. तिच्या जागी रेल्वे कंपनीने ग्लासगोच्या ए. अँड जे. इंग्लिस यांच्या गोदीत नवी बोट बांधवून घेतली. 2 ऑक्टोबर 1946 रोजी ती पाण्यात उतरली आणि 16 जून 1947 रोजी उतारू घेऊन पहिल्या फेरीस निघाली. दोन्ही अंगांना पाणी कापणारी चाके. पोटात तीन सिलिंडरांचे इंजिन. त्यात एकच वाफ मोठमोठ्या होत जाणाऱ्या सिलिंडरांतून पसरत तीनदा काम करते आणि मगच तिची सुटका होते. हे इंजिन झाकलेले नाही. उतारू कठड्याशी उभे राहून ते पाहू शकतात, आणि त्याला तेल घालणारा माणूसही त्यांना दिसतो. दुसऱ्याचे श्रम डोळ्यांनी दिसावेत, अशी वाहने जगात फार थोडी उरली आहेत.

पुढे मोटारी वाढल्या, सुटीचे उतारू आटले, आणि 1973 च्या हंगामानंतर मालकांनी ‘वेव्हर्ली’ काढून घेतली. 1959 साली स्थापन झालेल्या चाकांच्या आगबोटींच्या रक्षण संस्थेला 1974 साली ती मिळाली, किंमत एक पौंड. हौशी मंडळींचे बोट चालवण्याचे असले प्रयोग आधी फसले होते. ‘जीनी डीन्स’ ही क्लाइडचीच बोट एका हितचिंतकाने 1965 साली थेम्स नदीवर नेली. यंत्रांनी दगा दिला आणि दोन वर्षांत ती मोडीत गेली. नुसत्या प्रेमाने वाफ होत नाही! तरीही ‘वेव्हर्ली’ 1975 साली पुन्हा उतारू घेऊन निघाली.

खरा इतिहास इथून पुढचा आहे, आणि तो दुरुस्तीचा आहे. 1977 च्या जुलैत ती डनूनजवळच्या खडकावर चढली. उतारू सुखरूप उतरले. बोट पुन्हा उभी करावी लागली. 1981 साली नवा बॉयलर आला. 2000 ते 2003 या काळात दोन टप्प्यांत तिची जवळजवळ नव्याने बांधणी झाली. 2019 साली बॉयलर थकले आणि सबंध हंगाम बुडाला. 23 लाख पौंडांची हाक दिली गेली. लोकांनी आपापल्या परीने दिले, स्कॉटिश सरकारने 10 लाख दिले, आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये धुराडी पुन्हा धूर सोडू लागली. एक पौंड ही तिची किंमत नव्हतीच. दरवर्षी खाऱ्या पाण्याशी चालणाऱ्या झगड्याचे ते केवळ विसार होते.

पण नाण्याची दुसरी बाजू पाहिल्यावाचून आमच्यासारख्या कामगार संघटनेच्या माणसाचे समाधान होत नाही. बोट वाचली, तिला जन्म देणारी गोदी मात्र 1962 साली बंद झाली. 1971 साली क्लाइडवरच्या इतर गोद्यांवर तीच पाळी आली, तेव्हा जिमी रीड व त्याच्या सोबत्यांनी संप केला नाही. गोदी ताब्यात घेऊन काम चालूच ठेवले. 1972 साली सरकारला नमते घ्यावे लागले. त्या झुंजीने काही काळ रोजगार टिकला, तरी पुढे नदीकाठ ओस पडत गेलाच. 2000 सालानंतरची ती मोठी बांधणी क्लाइडवर झाली नाही; ती इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, ग्रेट यार्मथला झाली. आणि इंग्लिसच्या गोदीच्या जागेवर 2011 पासून वाहनांचे संग्रहालय उभे आहे. वस्तू काचेमागे ठेवता येते, हातातले कसब ठेवता येत नाही. ते रोज वापरले तरच जगते. म्हणून बोट चालती ठेवणे हे तिला धक्क्याला बांधून ठेवण्यापेक्षा मोठे काम आहे. चालत्या बोटीला फिटर लागतो, सांधणारा लागतो, आणि त्याच्या हाताखाली शिकणारा पोरगाही लागतो.

याचा आपल्याशी संबंध काय, असे कोकणातला श्रोता विचारील. ‘वेव्हर्ली’ पहिल्या फेरीस निघाली त्यानंतर बरोबर एक महिना आणि एक दिवस, 17 जुलै 1947 रोजी, मुंबईहून रेवसला जाणारी ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. आपल्याकडे बोटीचे नाव घरोघर पोचते ते ती बुडाल्यावर. ती तरंगत असताना तिचा पत्रा कोणी ठोकून पाहिला, तिच्यावर माणसे किती चढवली, हे विचारण्याची सवय उतारूंना लागली, तर ते वेड खचित नव्हे. तो आपल्या आणि खलाशाच्या जिवावरचा पहारा होय. तिकीट काढणाऱ्याने भाडे विचारावे तसेच, गोदीत ती शेवटची कधी चढली होती, हेही विचारावे.