न्यायसभेंत गांवाचें स्थान

चंद्रपूर जिल्ह्यांतील पोंभुर्णा हा वैनगंगेच्या खोऱ्यांतील वनप्रदेशाचा तालुका. धानाच्या बांध्या संपतात न संपतात तोंच रान सुरू व्हावें, अशी या मुलखाची ठेवण. येथें न्यायाचा प्रश्न पुष्कळदां एका साध्या पृच्छेंतून उद्भवतो: ही जमीन कोण कसतो, केव्हांपासून कसतो, आणि तें कोणाला ठाऊक आहे? कागद पाहावा तर तो बहुधा नसतो; असते ती गांवांतील वृद्धांची आठवण. त्या आठवणीला न्यायसभेंत कितपत स्थान मिळालें, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

मराठेशाहींत गांवाचा वाद बहुधा गोतसभेपुढें चाले. वादी व प्रतिवादी निर्णय मान्य करण्याचा राजीनामा आधींच लिहून देत. साक्षी गांवासमक्ष होत आणि निकालाचा महजर तयार होई. त्यावर पाटील आपल्या नांगराची निशाणी करी. इतर वतनदार व बलुतेदारहि आपापल्या निशाण्या करीत. ज्याला अक्षर येत नसे त्याचीहि साक्ष याप्रमाणें कागदावर उतरे. जिंकणाऱ्यानें हरकी द्यावी व हरणाऱ्यानें गुन्हेगारी भरावी, असा प्रघात होता.

ही पद्धति निर्दोष होती, असें मात्र मुळींच नाहीं. जातीचें व वतनाचें वजन निर्णयावर पडे. स्त्रियांचें म्हणणें सभेपर्यंत क्वचितच पोंचे. पेशवाईच्या अस्तानंतर १८१९ सालीं एल्फिन्स्टननें आपल्या अहवालांत पंचायतीचा दिरंगाईचा दोष स्पष्टपणें दाखविला. तथापि लोकांचा तिजवर विश्वास आहे हें ओळखून ती राखावी, असाच त्याचा कल होता. पुढें १८२७ च्या मुंबई कायदेसंग्रहानंतर नव्या अदालती स्थिरावल्या आणि पंचायत मागें पडली. निकाल लेखी व नियमबद्ध झाले हा लाभ खरा. परंतु न्याय जेथें होई तें ठिकाण गांवापासून दूर गेलें. ही उणीव ओळखूनच १८७० नंतरच्या दशकांत पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या मंडळींनीं, विशेषतः गणेश वासुदेव जोशी यांनीं, लवाद कोर्टांचा पुरस्कार केला.

चांद्याकडे तर या अंतराचें स्वरूप अधिक कठोर झालें. नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें. १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव जंगल ठरविण्याची रीत घालून दिली: जाहीरनामा निघावयाचा, निदान तीन महिन्यांची मुदत मिळावयाची, आणि त्या अवधींत ज्यानें आपला हक्क मांडला नाहीं त्याचा हक्क सामान्यतः बुडावयाचा. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला जाहीरनामा काय सांगणार? पिढ्यान्‌पिढ्यांचा वहिवाटदार एका मुदतीनंतर आपल्याच रानांत परका ठरूं शके, तो याच रीतीनें.

न्यायाचा कांहीं भाग गांवाकडे परत देण्याचे प्रयत्न पुढें झाले. मध्यप्रांतांत १९२० च्या ग्रामपंचायत कायद्यानें, व मुंबई राज्यांत १९५८ च्या कायद्यांतील न्यायपंचायतींनीं, किरकोळ दावे गांवींच मिटावेत अशी तजवीज केली. परंतु न्यायपंचायती मूळ धरूं शकल्या नाहींत व पुढें ती तरतूदच काढून टाकण्यांत आली. १५ ऑगस्ट २००७ रोजीं महाराष्ट्रांत तंटामुक्त गांव मोहीम सुरू झाली. तिनें तडजोडीसाठीं गांवोगांव समित्या उभ्या केल्या.

याहून मूलगामी पालट मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यानें घडविला. या कायद्याप्रमाणें दाव्याची पहिली तपासणी ग्रामसभा करते. तिची वनहक्क समिति दहा ते पंधरा जणांची असते व तींत निदान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. समिति प्रत्यक्ष जागेवर जाते. विहीर, बांध, घराचा चौथरा, स्मशानभूमि हीं सारीं पुराव्यांत गणलीं जातात. दावेदाराव्यतिरिक्त इतर वृद्धांचें कथन लिहून घेतल्यास तोहि पुरावाच होय. त्यानंतर प्रकरण उपविभागीय व जिल्हास्तरीय समित्यांकडे जातें. २००९ सालीं गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) व मर्दा या गांवांना सामूहिक वनहक्क मिळाले. पोंभुर्ण्याशेजारच्या गोंडपिपरी तालुक्यांतील पाचगांवला ते २०१२ सालीं मिळाले.

तथापि अडचण उरलीच. जो आदिवासी नाहीं त्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीं पंचाहत्तर वर्षांचा, म्हणजे १९३० पासूनचा, रहिवास दाखवावा लागतो. इतका जुना कागद गरीब कुटुंबांत कोठून सांपडणार? त्याचा सारा आधार शेजारच्या म्हाताऱ्याच्या शब्दावर. आणि तो म्हातारा गेला कीं पुरावाहि गेला. म्हणूनच २०१२ च्या सुधारित नियमांनीं वरिष्ठ समित्यांना बजावलें कीं, विशिष्ट कागदाचाच आग्रह धरूं नये आणि दावा नाकारल्यास कारणें लेखी द्यावीत. हें किती निकडीचें होतें तें २०१९ सालीं कळून आलें. १३ फेब्रुवारी रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दावे फेटाळलेल्यांना जमिनींवरून हटविण्याचा हुकूम दिला, आणि २८ फेब्रुवारी रोजीं त्यास स्थगिति देऊन, दावे कोणत्या रीतीनें फेटाळले तें राज्यांनीं सांगावें, असें फर्माविलें. महाराष्ट्रांत १८ मे २०२० च्या अधिसूचनेनें जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडे अपील करण्याची सोय झाली. मात्र ती अनुसूचित क्षेत्रापुरतीच आहे.

या सर्व वृत्तान्तावरून एक गोष्ट ध्यानांत येते. जुन्या गोतसभेंत गांव होतें, पण सारें गांव नव्हतें. नव्या अदालतींत नियम होते, पण गांव नव्हतें. वनहक्काची ग्रामसभा या दोहोंचा मेळ घालूं पाहते. तिच्या बैठकीला निदान निम्मे सभासद हजर असावे लागतात व हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात, हा केवळ गणितांतील नियम नव्हे. ज्यांची निशाणी पूर्वीं महजरावर उमटत नसे त्यांना सभेंत बसविण्याची ती खूण आहे. ती सभा खरोखर भरते कीं नुसती वहींत भरते, यावर पोंभुर्ण्यासारख्या वनप्रदेशांतील न्यायाचें भवितव्य अवलंबून आहे. आणि तें ठरविणें कायद्याहूनहि अधिक लोकांच्याच हातीं आहे.